अबू धाबीचे तीन प्रदेश

भूगोल हा विषय पुष्कळ विद्यार्थ्यांस रुक्ष वाटतो. राजधान्या, नद्या, पिके व खनिजे यांच्या याद्या पाठ कराव्यात, परीक्षेच्या दिवशी त्या कागदावर उतरवाव्यात आणि निकाल लागताच विसरून जावे, असा ह्या विषयाचा सामान्य क्रम होऊन बसला आहे. परंतु पृथ्वीच्या पाठीवरील एखाद्या ठिकाणी आपल्या घरचे कोणी राहात असले, म्हणजे तेथील पाऊस, तेथील ऊन, तेथील पाणी, इतकेच काय पण तेथील अक्षांश-रेखांशही आपणांस जिव्हाळ्याचे वाटू लागतात. आमच्या शाळेतील कित्येक मुलामुलींचे वडील, काका व मामा, आणि कित्येकांच्या माता व मावश्याही, आज आखाती देशांत नोकरीस आहेत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे तेथे कोणीही नाही अशांसाठीसुद्धा, त्या भागातील एका अमिरातीचा परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे. ती अमिरात म्हणजे अबू धाबी होय.

हीच अमिरात का निवडली, हे प्रथम सांगितले पाहिजे. आमचे वडील मिशनच्या उद्योगशाळेत वेल्डिंगचे काम शिकलेले होते. आम्ही दोन वर्षांचे असता, म्हणजे १९८१ साली, ते अबू धाबीतील रुवैस नावाच्या ठिकाणी कामास गेले, ते १९८९ साली कायमचे परत आले. मधल्या आठ वर्षांत सुट्टीवर असे ते तीनच वेळा घरी आले. गावातील मंडळी त्यांस 'दुबईवाले' म्हणत. कारण आखाताच्या काठी जे जे काही आहे ते सारे दुबई, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. वडील मात्र प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'रुवैस, अबू धाबी' असे स्वच्छ अक्षरांत लिहीत. एका पत्राच्या पाठीमागे तर त्यांनी पेन्सिलीने किनाऱ्याची वाकडीतिकडी रेघ काढून आपले ठिकाण फुलीने दाखविले होते. आमच्या आयुष्यातील हा पहिला नकाशा. पुढे आम्ही भूगोलाचे शिक्षक झालो, त्यास ती फुली किती कारणीभूत झाली हे सांगणे कठीण आहे. परंतु ती अगदीच निष्फळ झाली नाही, एवढे खरे. आमची धाकटी बहीण परिचारिका असून आज त्याच अमिरातीतील अल ऐन शहरी नोकरीस आहे. मागील दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे अठरा दिवस राहण्याचा योग आला. वडील आता हयात नाहीत. परंतु त्यांच्या पत्रांतील नावे एकेक करून डोळ्यांनी पाहता आली. जे पाहिले त्यातील वाचकांस उपयोगी पडेल तेवढेच खाली देत आहोत.

इराणी आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर सात लहानमोठ्या अमिरातींचे मिळून एक संघराज्य आहे. त्यास संयुक्त अरब अमिराती म्हणतात. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिरातींनी मिळून त्याची स्थापना केली व सातवी, रास अल खैमा, फेब्रुवारी १९७२ मध्ये त्यास मिळाली. ह्या सातांत अबू धाबी सर्वांत मोठी. तिचे क्षेत्रफळ सुमारे ६७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे साऱ्या संघराज्याच्या पाचांपैकी चार भागांहूनही अधिक आहे. आपल्या महाराष्ट्राशी तुलना केली तर हा प्रदेश महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा मोठा भरेल. मुंबईपासून राजधानीचे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. विमानाने तीन तासांचा प्रवास. आपल्याकडे भोपाळजवळून जाणारे कर्कवृत्त अरबी समुद्र ओलांडून ह्या अमिरातीच्या अंगावरूनही जाते. राजधानी त्याच्या उत्तरेस राहते, आणि दक्षिणेकडील लिवाच्या वाड्या त्याच्या दक्षिणेस राहतात.

ह्या साऱ्या प्रदेशात बारमाही नदी एकही नाही. वर्षाचा पाऊस बहुधा शंभर मिलिमीटरच्या आतच. आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे की, रत्नागिरीस आषाढातील एखाद्या जोराच्या दिवसात जेवढे पाणी पडते, तेवढे येथे साऱ्या वर्षात पडेल किंवा पडणारही नाही. जुलै-ऑगस्टात उष्णता ४५ अंशांच्या पलीकडे जाते. किनाऱ्यावर तर हवेतील दमटपणामुळे घाम वाळतच नाही. समुद्र उथळ, साऱ्या आखाताची सरासरी खोली सुमारे ३५ मीटर इतकीच आहे, आणि उन्हाने पाणी सतत उडून जात असल्याने ते आपल्या समुद्राहून अधिक खारट आहे. समुद्राला लागून मैलोगणती 'सबखा' पसरलेल्या आहेत. सबखा म्हणजे मिठाची सपाट भूमी. भरतीचे व जमिनीखालचे खारे पाणी वर झिरपते, उन्हाने वाळते, आणि मीठ व जिप्सम यांचा कठीण पापुद्रा मागे राहतो. दिसावयास ही जमीन पक्क्या अंगणासारखी. परंतु पावसाच्या दोन सरी पडल्या की तीच चिखल होऊन गाडीची चाके गिळते. अशा जमिनी कशा बनतात हे शिकण्यासाठी जगभरचे भूशास्त्रज्ञ ह्या किनाऱ्याचा दाखला देतात. सबखांच्या मागे वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्या मागे रुब अल खाली, म्हणजे 'रिता चतुर्थांश' हे अरबस्तानचे महावाळवंट.

राज्यकारभाराच्या सोयीसाठी ह्या अमिरातीचे तीन भाग पाडलेले आहेत : राजधानी अबू धाबीचा प्रदेश, पूर्वेकडील अल ऐनचा प्रदेश, आणि पश्चिमेकडील अल धफ्रा. पहिला समुद्राचा, दुसरा झऱ्यांचा आणि तिसरा वाळूचा, असे म्हटल्यास विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहील.

राजधानीचा प्रदेश प्रथम घेऊ. अबू धाबी शहर एका बेटावर वसले आहे. नावाचा अर्थ 'हरिणाचा बाप'. हरिणाच्या मागावर गेलेल्या शिकाऱ्यांस ह्या बेटावर पाणी सापडले, अशी दंतकथा सांगतात. बनी यास नावाच्या टोळीचे लोक १७६१च्या सुमारास येथे वस्तीस आले, आणि पाण्याच्या रक्षणासाठी त्यांनी एक बुरूज बांधला. तोच वाढत जाऊन आज 'कस्र अल होस्न' हा शहरातील सर्वांत जुना किल्ला झाला आहे. भोवती काचेचे गगनचुंबी इमले आणि मध्ये हा पांढरा ठेंगणा किल्ला पाहिला, म्हणजे एखाद्या मोठ्या लग्नघरात कोपऱ्यात बसलेल्या आजोबांची आठवण होते. ज्यांच्यामुळे सारा गोतावळा जमला, तेच सर्वांत गप्प.

तेलाच्या आधी ह्या गावाचे पोट मोत्यांवर चाले. उन्हाळ्याचे चार महिने गावातील धडधाकट पुरुष गलबतांवरून समुद्रात जात. नाकास शिंगाचा चिमटा, पायास दगड, आणि कमरेच्या दोरीचे टोक वरच्या सोबत्याच्या हाती, अशा थाटात पाणबुड्या तळाशी जाई व दम संपेपर्यंत शिंपा गोळा करी. गलबताच्या धन्यास तिकडे 'नोखदा' म्हणतात. आपल्या कोकणातील 'नाखवा' त्याच फारसी शब्दाचे लेकरू होय. पाणबुड्या बहुधा नोखद्याचा कर्जदार असे. हंगामाच्या आरंभी घरखर्चास उचल घ्यावी आणि हंगामाच्या शेवटी ती फेडता फेडता पुन्हा नवी घ्यावी, असा फेरा चालत असे. निघालेले मोती पुष्कळसे कोठे जात? आमच्या मुंबईस. आखातातील मोत्यांची मुंबई ही फार मोठी पेठ होती, आणि तेथून ते युरोपात जात. नाण्यांचेही तसेच. आखातातील ह्या संस्थानांत आपलाच रुपया चाले. १९५९ पासून त्यांच्यासाठी हिंदुस्थान सरकारने वेगळा 'आखाती रुपया' काढला, तो अबू धाबीत १९६६ पर्यंत चालला. १९६४ साली अबू धाबीची स्वतःची टपाल तिकिटे प्रथम निघाली, तीही नये पैसे व रुपये ह्याच मोलांची. नात्याचे हे जुने धागे पाहिले, म्हणजे आमची माणसे तेथे नव्यानेच जाऊ लागली आहेत, असे म्हणवत नाही.

१९३० नंतरच्या दशकात जपानात कृत्रिम रीतीने वाढविलेले मोती बाजारात आले, जगभर मंदीची लाट आली, आणि हा धंदा बसला. गावे रिकामी होऊ लागली. जी मंडळी उरली ती मासे, खजूर आणि उंट यांवर कसाबसा गुजारा करीत. १९६८ साली मक्ता येथे पूल होईपर्यंत बेटावर येणाऱ्यांस खाडीच्या उथळ पाण्यातून यावे लागे. आज त्या खाडीवर अनेक पूल आहेत, आणि साऱ्या अमिरातीची लोकसंख्या चाळीस लाखांच्या घरात गेली आहे. किनाऱ्यावरील तिवरांची दाट झाडी मात्र अजून टिकून आहे. आपल्या ठाणे व रत्नागिरीच्या खाड्यांतील तिवरांचीच ही जात पाहून आम्हांस परदेशी आल्याचा क्षणभर विसर पडला.

आता दुसरा प्रदेश, अल ऐन. राजधानीपासून पूर्वेस १६० किलोमीटरवर, ओमानच्या सरहद्दीला लागून हे शहर आहे. 'ऐन' म्हणजे झरा. पूर्वी उंटावरून येथे येण्यास कित्येक दिवस लागत. आम्ही दीड तासात पोहोचलो. दक्षिणेस जबल हफीत हा चुनखडीचा उघडाबोडका डोंगर सुमारे १,२४० मीटर उंच उभा आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडा बुटका. त्याच्या पायथ्याशी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी समाधी आहेत. हिली येथील गोलाकार समाधी, बिदा बिंत सौद येथील अवशेष व शहरातील खजुरीच्या वाड्या, ह्या सर्वांस मिळून २०११ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले.

परंतु आम्हांस सर्वांत मोल वाटले ते समाधींचे नव्हे, पाण्याचे. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर खणून पाणी लागले, म्हणजे तेथून अगदी सौम्य उताराचा बोगदा जमिनीखालून मैलोगणती खणीत आणावयाचा. मध्ये मध्ये माती काढण्यास व आत उतरण्यास उभी भोके ठेवावयाची. आणि वाडीजवळ आल्यावर पाणी आपोआप उघड्या पाटात यावयाचे, अशी ही युक्ती आहे. मोट नाही, पंप नाही; केवळ उतार. तिला 'फलज' म्हणतात. ह्या भागात ही विद्या सुमारे तीन हजार वर्षांपासून आहे. ज्यांनी छत्रपती संभाजीनगर येथील नहर-ए-अंबरी पाहिली असेल, त्यांस हे वर्णन नवे वाटणार नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने त्या शहरास पाणी आणले ते ह्याच कुळातील युक्तीने होय.

फलज ह्या शब्दाच्या मुळाशी 'विभागणे' असा अर्थ आहे, आणि त्यातच सारे मर्म साठविले आहे. पाणी एकाचे नव्हे. ते पाळीने वाटून घ्यावयाचे. कोणाच्या वाडीस किती वेळ पाट फोडावयाचा हे ठरलेले, आणि त्यावर देखरेख करणारा माणूस नेमलेला. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत पाटकऱ्याचे जे काम, तेच याचे. वाडीतून चालताना वर खजुरीची छाया, तिच्याखाली आंबा, लिंबू, अंजीर अशी झाडे व सर्वांत खाली जनावरांचा चारा, असे तीन मजले दिसतात. उन्हाचा प्रत्येक किरण व पाण्याचा प्रत्येक थेंब तीन ठिकाणी कामास लावलेला. एकट्या अल ऐनच्या मोठ्या वाडीत लाखाहून अधिक खजुरीची झाडे आहेत. १९४६ सालापासून ह्या भागाचा कारभार शेख झायेद यांच्याकडे होता. त्या काळी तेलाचा पैसा नव्हता. त्यांनी बुजलेले फलज साफ करविले, नवीन खणविले, आणि लोकांबरोबर स्वतःही खाली उतरले असे तेथे सांगतात. पुढे १९६६ साली तेच साऱ्या अबू धाबीचे शासक व १९७१ साली संघराज्याचे पहिले अध्यक्ष झाले. २००४ साली त्यांचे निधन झाले. राज्य चालविण्याचे शिक्षण त्यांस पाटाच्या पाण्याने दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्याच गावी आणखी एक गोष्ट आमच्या शाळेच्या परंपरेशी जुळणारी आहे. बाळंतपणात माता व अर्भके दगावण्याचे प्रमाण तेथे फार असल्यामुळे, शासकांच्या निमंत्रणावरून १९६० साली पॅट व मॅरियन केनेडी हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्य येथे आले. मातीच्या विटांच्या एका घरात त्यांनी दवाखाना थाटला. तो आज मोठे रुग्णालय झाला आहे, आणि स्थानिक लोक केनेडी हे नाव 'कनद' असे उच्चारीत, म्हणून त्याचे नावही आता कनद असेच ठेवले आहे. आमची भगिनी नोकरीस आहे ते रुग्णालय वेगळे. परंतु ज्या गावी रुग्णसेवेचा पाया असा घातला गेला, तेथे तिच्या हातून तेच काम घडत आहे, ह्याचे आम्हांस समाधान वाटले.

तिसरा प्रदेश अल धफ्रा. पूर्वी यास 'अल घर्बिया', म्हणजे पश्चिम प्रदेश, म्हणत. २०१७ साली जुने नाव पुन्हा देण्यात आले. अमिरातीची निम्म्याहून पुष्कळ अधिक भूमी ह्यात मोडते, परंतु वस्ती अगदी विरळ. मदिनत झायेद हे मुख्य गाव. त्याच्या दक्षिणेस, महावाळवंटाच्या उंबरठ्यावर, सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या कोरीसारख्या आकाराची लिवाची वाडी-मालिका आहे. वाळूच्या टेकड्यांच्या पोटात थोड्याच खोलीवर पाणी असल्यामुळे येथे खजूर पिकतो. बनी यास टोळीचे मूळ घर हेच. राजधानीचे राजघराणे येथूनच निघालेले. तल मोरिब नावाची वाळूची टेकडी जवळजवळ ३०० मीटर उंच आहे. विल्फ्रेड थेसिजर नावाचे इंग्रज प्रवासी उंटांवरून महावाळवंट ओलांडून १९४८ साली लिवामार्गे अबू धाबीस पोहोचले. त्यांनी पाहिलेला मुलूख व आजचा मुलूख यांत केवळ एका मनुष्याच्या आयुष्याचे अंतर आहे.

लिवाच्या वाळूखाली आज एक मोठे आश्चर्य आहे, आणि ते तेल नव्हे. समुद्राचे पाणी गोडे करून ते नळांनी येथपर्यंत आणून जमिनीत मुरविले आहे; सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर पाणी वाळूच्या पोटात साठविलेले आहे. २०१८ साली हे काम पुरे झाले. समुद्रकाठचे कारखाने काही कारणाने बंद पडले, तर दहा लाख माणसांस तीन महिने पुरेल इतके हे पाणी आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपली. तिच्यावर वर्तन करणारे मात्र हे लोक.

आता तेलाचे थोडेसे. ज्याच्यामुळे हा मुलूख जगाच्या तोंडी आला त्याची हकीकत चार ओळींत मावते. १९३९ साली शेख शख्बूत यांनी एका परदेशी तेल कंपनीस ७५ वर्षांचा हक्क दिला. महायुद्धामुळे काम रखडले. १९५८ साली उम्म शैफ येथे समुद्राच्या तळाखाली व १९६० साली बाब येथे जमिनीवर मोठे साठे लागले. १९६२ साली दास बेटावरून पहिले तेल जहाजात भरले गेले, व १९६३ साली धफ्राच्या किनाऱ्यावरील जबल धन्ना बंदरातून. संघराज्याच्या एकूण तेलसाठ्यांपैकी नऊ-दशांशाहून अधिक एकट्या अबू धाबीत आहेत. होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत अडचण आली तर तेल अडून राहू नये, म्हणून हबशानपासून पूर्व किनाऱ्यावरील फुजैरापर्यंत सुमारे ४०० किलोमीटरची नळवाट २०१२ साली सुरू झाली. आणि तेल कधीतरी संपणार हे जाणून बराका येथे अणुशक्तीचे चार संच उभे केले आहेत. पहिला २०२० साली सुरू झाला, चौथा २०२४ साली. संघराज्यास लागणाऱ्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा तेथून मिळतो.

ह्याच किनाऱ्यावर रुवैस. राजधानीपासून पश्चिमेस सुमारे २४० किलोमीटर. वडील गेले तेव्हा तेथे सबखा, तंबू, पत्र्याच्या चाळी व तेल शुद्ध करण्याचा कारखाना उभारण्याची धांदल, एवढेच होते. आज ते नीटनेटके शहर आहे. शाळा आहेत, बागा आहेत. कारखान्याच्या आत जाण्याची परवानगी अर्थातच नव्हती. रस्त्यावरून उंच धुराडी व नळांचे जाळे दिसले. त्या नळांपैकी कोणत्या सांध्यास वडिलांचा हात लागला होता, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते, व असण्याचे कारणही नव्हते. हजारो माणसांनी जोडलेले सांधे. ज्याचे काम चांगले झाले त्याच्या सांध्यातून गळती होत नाही, म्हणून त्याची कोणी आठवणही काढीत नाही. आमच्या भगिनीने तेथे एकच वाक्य उच्चारले, "दादा, बाबांच्या हातावरचे ते डाग इथले." आम्ही काही उत्तर दिले नाही.

वडिलांच्या एका पत्रात होते की, उन्हाळ्यात लोखंड दुपारी हातात धरवत नाही, म्हणून पहाटे चारला काम सुरू करावे लागते. आता तेथे १५ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करविण्यास सरकारी मनाई आहे. हा नियम वडिलांच्या वेळी नव्हता. नियम झाला हे चांगले झाले. तो ज्यांच्या घामावरून सुचला, त्यांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत.

दुसऱ्या एका पत्रात त्यांनी लिहिले होते की, सुट्टीच्या दिवशी जबल धन्नाच्या किनाऱ्यावर बसले म्हणजे समोर एक डोंगराळ बेट दिसते, व त्याकडे पाहात ते आपली संध्याकाळची प्रार्थना म्हणतात. ते बेट सर बनी यास. भूगर्भातून वर आलेल्या मिठाच्या घुमटाने त्याचे डोंगर बनले आहेत. शेख झायेद यांनी तेथे लाखो झाडे लावून हरिणांसाठी अभयारण्य केले. वडिलांस त्या बेटावर जाण्याचा प्रसंग कधी आला नाही. ते परत आल्यानंतर तीन वर्षांनी, १९९२ साली, त्याच बेटावर संशोधकांस एका ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडले. एक चर्च, भोवती मठवासीयांच्या खोल्या, आणि गिलाव्यावर कोरलेले क्रूस. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांत तेथे पूर्वेकडील मंडळीचे लोक राहात. मंडळी तीच, जिचा केरळातील प्राचीन ख्रिस्ती लोकांशी संबंध होता, आणि जिचा इराणातून नेमलेला बिशप सहाव्या शतकात 'कल्लियाना' येथे असल्याचे एका ग्रीक प्रवाशाने नमूद केले आहे. हे ठिकाण ठाण्याजवळचे कल्याण असावे, असे पुष्कळ विद्वान मानतात. आमच्या वडिलांनी आठ वर्षे ज्या बेटाकडे तोंड करून प्रार्थना केली, तेथे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी त्यांच्याच प्रभूची प्रार्थना होत होती, आणि ही वार्ता त्यांस त्या वेळी ठाऊक नव्हती. पुढे आम्ही वर्तमानपत्रात वाचून त्यांस सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग मी तिथे एकटा नव्हतो तर."

पश्चिमेकडील इतर बेटांचीही नावे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावीत. दल्मा बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी होत्या, म्हणून मोत्यांच्या गलबतांस त्याचा मोठा आधार. मरावा बेटावर एक मोती सापडला, तो सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे २०१९ साली जाहीर झाले. जगातील ज्ञात मोत्यांत तो सर्वांत जुन्यांपैकी आहे. त्याच्या भोवतीच्या उथळ समुद्रातील गवतावर डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, हा सौम्य प्राणी सुमारे तीन हजारांच्या संख्येने चरतो. ऑस्ट्रेलिया सोडल्यास इतकी मोठी संख्या अन्यत्र नाही.

असो. एवढी माहिती कशासाठी दिली, हे आता सांगतो. परत आल्यावर आम्ही आठवीच्या वर्गात भिंतीवरचा मोठा नकाशा काढला. आमच्या शाळेचा हा नकाशा इतका जुना आहे की, त्यावर ह्या सातही अमिरातींस 'ट्रूशियल' संस्थाने असे म्हटले आहे. ज्यांच्या घरचे कोणी आखातात असतील त्यांनी पुढे यावे, असे सांगताच अकरा मुले उठली. कोठे, असे विचारता नऊजणांनी 'दुबई' असे सांगितले. आम्ही त्यांस घरी विचारून येण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी कळले की एकाचे वडील दास बेटावर आहेत, एकाचे मदिनत झायेदला, एकीची आई अल ऐनला स्वयंपाकाच्या कामावर आणि इतर कोणी मस्कतला, कोणी दोहास. खरोखर दुबईत होते ते तिघेच. ज्या मुलीची आई अल ऐनला आहे ती नकाशापुढे पुष्कळ वेळ उभी राहिली, आणि तेथे डोंगर आहे काय, असे तिने विचारले. आहे, असे आम्ही म्हणालो, व जबल हफीतचे नाव सांगितले. "मग ठीक आहे," असे म्हणून ती जागेवर जाऊन बसली. तिचे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. आईला डोंगर दिसत असेल, एवढ्यानेच तिचे समाधान झाले.

पालकांस आमची विनंती आहे. आपण परदेशी असाल तर मुलांस पाठविलेल्या पैशांबरोबर आपल्या ठिकाणाचे नावही पाठवा. तेथे पाऊस किती पडतो, पाणी कोठून येते, पहाटे काय दिसते, हे कळवा. आता तर दूरध्वनीवरून क्षणात तोंड दिसते. परंतु तोंडाच्या मागे कोणती भूमी आहे, हे मुलांस ठाऊक नसते. आपण येथे असाल व आपला जोडीदार तेथे असेल, तर 'आपले माणूस अमुक गावी, अमुक काम करते' असे मुलांस म्हणावयास शिकवा. ज्यास ठिकाण नाही तो माणूस मुलांच्या मनात हळूहळू केवळ महिन्याची रक्कम होऊन बसतो. आणि हे कोणाही बापाच्या वा आईच्या वाट्यास येऊ नये.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील पुष्कळजण उद्या तिकडे जाण्याची स्वप्ने पाहात असतील. अवश्य जा, परंतु हातात काही हुन्नर व डोक्यात काही विद्या घेऊन जा, आणि करारावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ओळ वाचा. मोत्यांच्या काळच्या पाणबुड्याची उचल आठवा. तसेच, त्या मुलुखास केवळ तेलाची विहीर समजू नका. तेल निघून साठांहून थोडी अधिक वर्षे झाली. फलज तीन हजार वर्षे वाहात आहे. पाणी कमी असता ते वाटून कसे प्यावे, हे ज्यांस कळले ते लोक तेथे टिकले. आपल्या दुष्काळी तालुक्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलांनी हा धडा पाठ करण्यासारखा आहे. तो परीक्षेत विचारला जाणार नाही. पण पुढील आयुष्यात पुष्कळ वेळा विचारला जाईल.